माहेरच्या नावाची वही

आम्ही तळेगाव दाभाड्यातल्या सात जणी. सगळ्या सत्तरी ओलांडलेल्या आणि सगळ्या पुण्याच्या एसएनडीटी महिला महाविद्यालयाच्या. आमच्यातल्या चौघी मूळच्या इथल्याच. 1970च्या आसपास त्या सकाळची गाडी धरायच्या, शिवाजीनगरला उतरायच्या आणि पुढे कर्वे रस्त्यापर्यंत पीएमटी. देहूरोड यायच्या आत एकीचा डबा संपलेला असायचा. कुणाचा ते सांगत नाही, ती आत्ता शेजारीच बसली आहे. बाकीच्या तिघी लग्नानंतर किंवा यजमान निवृत्त झाल्यावर इथे आल्या.

आज बोलायचं आहे ते एकमेकींच्या बातम्यांविषयी. कुणाचा गुडघा बदलला, कुणाची नात दहावीला बसली, कुणाचे यजमान गेले. असल्या बातम्या वर्तमानपत्रात येत नाहीत. आमची एक मात्र आली.

चार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीने निधनवार्ता वाचताना चष्मा पुसून पुन्हा लावला. गेलेल्या बाईंचं नाव ओळखीचं नव्हतं, पत्ता यशवंतनगरचा होता. पण खाली ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हणून माहेरचं नाव दिलं होतं. तिसऱ्या बाकावरची आमची मैत्रीण! अकरा वर्षं ती यशवंतनगरात राहत होती, आमच्यातल्या एकीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. भाजी घेताना कितीदा शेजारी उभ्या राहिलो असू, देव जाणे. केस पांढरे, अंग सुटलेलं, नाव वेगळं. ओळखणार कशावरून?

आम्ही भेटायला गेलो. तिच्या सूनबाईने कपाटातून शेवटच्या वर्षाचा ग्रुप फोटो काढला. मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहिलेली, अर्थातच माहेरची. सूनबाई म्हणाली, “आई इथे आल्यापासून तुम्हाला शोधत होत्या. बँकेत विचारलं, डेअरीत विचारलं, देवळात विचारलं. या नावांचं इथे कुणी नाही, असंच सगळे म्हणायचे.” खरंच होतं ते. त्या नावांचं इथे कुणीच नव्हतं. त्या घरात आम्ही फार बोलू शकलो नाही. चहा तसाच राहिला.

आमच्या पिढीत आडनाव बदलायचंच, पण पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं पहिलं नावही लिहायचे. तेव्हा त्याचं कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोला. आमच्या कॉलेजच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे. महर्षी कर्व्यांच्या पत्नी मूळच्या गोदूबाई. लहान वयात विधवा झाल्या, 1893मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. पुढे लोक त्यांना बाया म्हणू लागले. एका जन्मात तीन नावं! त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिलं म्हणून ती तिन्ही एकाच बाईची हे आपल्याला कळतं. 1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. पाच जणींना एकमेकींना शोधायला कसली आलीय वही! 1920मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्यातही मधलं नाव यजमानांचं आहेच, पण निदान नाथीबाई राहिल्या.

तर आम्ही वही केली. साधी दोनशे पानी. डावीकडे माहेरचं नाव, मध्ये आताचं नाव आणि गाव, उजवीकडे फोन. त्या फोटोत आम्ही त्रेचाळीस जणी आहोत. आतापर्यंत सव्वीस सापडल्या, त्यातल्या पाच गेल्याचंच कळलं. एक टोरांटोला निघाली, एक चाकणला मुलाकडे, म्हणजे हाकेच्या अंतरावर. शोधायची युक्ती एकच: माहेरच्या गावी भावाला किंवा वहिनीला गाठायचं. बाईचं जुनं नाव तिच्या भावाच्या घरातच जिवंत असतं.

महिन्यातून एकदा सातही जणी बसतो आणि बाकीच्यांना फोन लावतो. नियम असा की आजारपणाला पहिली दहा मिनिटं, पुढे बंद. नियम पाळला जातो असं नाही.

पण या गप्पांतूनच एक काम झालं. आमच्यातली एक शिक्षिका होती, यजमानही सरकारी नोकरीत. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं. यजमानांच्या कागदांवर पत्नीचं एक नाव, हिच्या पदवीवर आणि आधारवर दुसरं. एका कार्यालयात तिला सांगितलं, “आजी, या दोन वेगळ्या बायका आहेत.” लग्न 1974चं, नोंदणी तेव्हा कोण करत होतं? आठ महिने ती हेलपाटे घालत होती आणि मुलाला त्रास नको म्हणून घरात बोलली नव्हती. फोनवर मात्र रडली. आमच्यापैकी दोघी लग्नाला हजर होत्या, एकीकडे पत्रिकाही निघाली. दोघींनी प्रतिज्ञापत्र करून दिलं की दोन्ही नावांची बाई एकच. इतर कागदांबरोबर ते जोडलं आणि पुढच्या तीन महिन्यांत पैसे थकबाकीसह आले. आता नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्ही बँकेत एकत्रच जातो. मोबाईलवर घरबसल्या होतो म्हणे, मुलं करूनही देतील. पण बोटांचे ठसे झिजलेत, आणि एकत्र गेलं की येताना भेळ होते.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या कागदांवर दोन नावं असतील तर आत्ताच, यजमान असतानाच, ते जुळवून घ्या. नाव बदलल्याचं राजपत्र करून घेता येतं. आणि सुनांनो, सासूबाईंचं माहेरचं नाव ठाऊक नसेल तर आज रात्री जेवताना विचारा.

वहीतल्या सतरा ओळींत अजून फक्त डावीकडचं नाव आहे. तुम्ही त्यांतल्या असाल किंवा तुमची आई असेल, तर या कार्यक्रमाच्या फोनवर कळवा, माहेरचं नाव आधी सांगून. आम्ही पहिल्या शनिवारी चार वाजता भेटतो. पोहे असतात. चहात साखर मात्र नाही, पाच जणींना मधुमेह आहे.