मेळ्यातील मुले आणि मोठ्यांचे विषय

(सुवर्णमहोत्सवी गणेशोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या सभासदांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेपुढील प्रश्न आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरी तो एकदा नीट मांडलेला बरा. आपल्या मंडळाच्या लेझीम व ढोल पथकातील मुलामुलींनी यंदाच्या विसर्जन मिरवणुकीसाठी जो कार्यक्रम योजिला आहे, त्याचा विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा आहे. पथकातील मुले तेरा ते एकोणीस या वयाची. विषय त्यांनीच निवडला, पदेही त्यांनीच रचिली. त्यावर कार्यकारिणीकडे दोन पत्रे आली. मंगलमूर्तीच्या उत्सवात असले अमंगळ कशाला, असे पहिल्या पत्राचे म्हणणे. एवढ्या कोवळ्या वयात मुलांच्या डोक्यावर हे ओझे का, असे दुसऱ्याचे. दोन्ही पत्रे कळकळीने लिहिलेली आहेत आणि दोन्हींना उत्तर मिळणे अगत्याचे आहे. कार्यकारिणीने या विषयावर मला "दोन शब्द" बोलावयास सांगितले. तीस वर्षे सरकारी टिपणे लिहिण्यात घालविलेला मनुष्य दोन शब्दांत आटोपत नाही, याची कल्पना कार्यकारिणीला असावयास हवी होती.

पहिल्या पत्राचा विचार प्रथम करू. उत्सवात असले विषय पूर्वी नव्हते, हा त्याचा आधार. इतिहास मात्र याच्या अगदी उलट आहे. पुण्यात १८९३ साली सार्वजनिक गणपती बसले आणि १८९४ पासून लोकमान्यांच्या प्रेरणेने त्यांना उत्सवाचे रूप आले. त्याबरोबरच मेळे आले. मेळा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. एकसारखा पोशाख केलेली शाळाकॉलेजातील मुले, पुष्कळदा शिवकालीन मावळ्यांच्या वेषात, टिपऱ्या किंवा लेझीम हाती घेऊन, पावलाशी पाऊल जुळवून, पदे म्हणत गणपतीपुढे आणि रस्त्याने जात. उत्सवाच्या कित्येक आठवडे आधी तालमी चालत. म्हणजे आज आपले पथक जे करते, ते त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी केले. आणि त्यांची पदे केवळ गजाननाची स्तुती करीत नसत. स्वदेशी, परवशता, राजकीय पक्षांचे तंटे, सुधारकांची टर असे सारे त्यात असे. ज्या विषयांवर वडीलमाणसे घरात आवाज खाली करून बोलत, ते विषय पोरे चौकात उंच स्वरात गात.

नाशिकचा मित्रमेळा याच परंपरेतला. विनायकराव सावरकर आणि त्यांचे सोबती तेव्हा सोळासतरा वर्षांचे होते. मेळ्याची पदे रचणारे कवी गोविंद पायांनी अधू होते. परंतु त्यांची पदे अशी धावली की सरकारला त्यांची भीती वाटू लागली. त्यांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्या मार्गाविषयी कोणाचे काहीही मत असो, पोरांनी म्हटलेल्या पदांना केवढे मोल पडू शकते, हे यावरून दिसते. १९१० च्या सुमारास सरकारने मेळ्यांवर कडक निर्बंध घातले. मुलांचा पोरखेळ म्हणून ते सोडून देण्यास सरकार तयार नव्हते.

आणि अमंगळाचेच म्हणाल, तर आपल्या मंडळात आठनऊ वर्षांची मुले अफझलखानाचे पोट फाडतात, सिंहगडावर तानाजी होऊन पडतात, आणि आपण टाळ्या वाजवितो. त्यावर आजवर एकही पत्र आल्याचे कार्यालयात दप्तरी नाही. याचा अर्थ मृत्यू आपणांस चालतो. फक्त तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असावा लागतो. कालपरवाचा, ओळखीच्या गावचा मृत्यू आला की तो अमंगळ ठरतो. हा भेद मला मान्य नाही.

पण म्हणून मेळ्यांचा इतिहास निव्वळ अभिमानाने सांगावा, असे नाही. तो पुरता सांगितला पाहिजे. १८९४ च्या मेळ्यांत, मोहरमच्या ताबुतांत हिंदूंनी जाऊ नये अशी पदे मुलांकडून म्हणविली गेली. आदल्या वर्षी मुंबईत दंगे झाले होते. त्या वर्षी पुण्यातही मेळ्याच्या वाद्यांवरून दंगल उसळली. पुढे १९२२ पासून पुण्यात एकीकडे ब्राह्मणेतर चळवळीचा छत्रपती मेळा आणि दुसरीकडे सन्मित्र समाजाचा मेळा असा सामना जुंपला. छत्रपती मेळ्यामागे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर होते. अन्यायाविरुद्धचा त्यांचा राग खरा होता आणि त्यात पुष्कळ तथ्य होते. परंतु दोन्हीकडून पदांची पातळी घसरत गेली. एकमेकांच्या पुढाऱ्यांचीच नव्हे, तर मेळ्यात गाणाऱ्या मुलींचीही टवाळी झाली. ज्या तोंडांतून हे निघत होते, त्यांतील पुष्कळांना ते पद पुरते समजतही नसेल. राग वडिलांचा, शब्द वडिलांचे, आणि रस्त्यावर उभे मात्र मूल!

माझ्या मते प्रश्नाचे खरे मूळ येथे आहे. विषय मोठ्यांचा आहे की लहानांचा, हे पाहण्यापूर्वी तो कोणाच्या मनात उगवला आणि कोणाच्या तोंडी घातला, हे पाहिले पाहिजे.

येथे कवायतीच्या खेळाविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण नाटक आणि लेझीम यांत एक मोठा फरक आहे. नाटकात एक पात्र बोलते, दुसरे त्याचे खोडून काढते. लोकनाट्यात तर सोंगाड्या असतोच. राजाचे वाक्य पुरे होण्याच्या आत तो त्यात खोट काढतो. राष्ट्र सेवा दल १९४१ साली नव्याने उभे राहिले. कवायत आणि लेझीम तर त्याच्या शाखांवर होतेच. परंतु समाजातील जड प्रश्न लोकांपुढे नेण्यासाठी दलाने कलापथक उभे केले आणि लोकनाट्याचा आश्रय घेतला. पु. ल. देशपांड्यांचे 'पुढारी पाहिजे' हे वगनाट्य या कलापथकासाठी लिहिलेले. निळू फुले आणि राम नगरकर याच कलापथकात घडले. तेथे थट्टा होती, उलट प्रश्न होता, प्रेक्षकाला मान हलविण्याची जशी मुभा होती तशी नकारार्थी हलविण्याचीही होती. संचलनात हे होत नाही. चाळीस मुले, एक पोशाख, एक ठेका, एक हात. हलगी घाईवर आली की पाऊल चुकविण्याची कोणाची छाती नसते. शंकेला तेथे जागाच नाही. म्हणून संचलनात जे म्हटले जाते ते मत राहत नाही, घोषणा होते. आनंदाला, शौर्याला, भक्तीला हा घाट शोभून दिसतो. द्वेषालाही तो दुर्दैवाने फार लवकर जुळतो. दुःखाला तो जुळेल का? जुळेल, पण बेताने.

दुसऱ्या पत्राचा मुद्दा मला अधिक वजनाचा वाटतो. कोवळ्या वयात हे ओझे का? याचे एक उत्तर मराठी बालरंगभूमीने दिलेले आहे. सुधा करमरकरांच्या 'मधुमंजिरी'पासून आपली बालनाट्ये बहुतांशी पऱ्या, राक्षस आणि जादूची होती. त्यांत गैर काही नव्हते, मुले आनंदाने जात. पुढे १९८६ च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यचळवळीचे प्रयोग पुण्यात सुरू झाले. घरातली भांडणे, मोठ्यांची दादागिरी, एकटेपणा असे मुलांना प्रत्यक्ष भेटणारे विषय तेथे आले. मुलांनी ती नाटके उचलून धरली. मूल सत्य पचवू शकते, एवढे यावरून ठरले. पण एक बारकावा ध्यानात घ्या. ग्रिप्सच्या नाटकांत लहान मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात! मूल प्रेक्षागृहात असते. ते हसते, घाबरते, घरी जाताना प्रश्न विचारते. ते दुःख रोज तालमीत अंगावर घेण्याचे काम त्याला करावे लागत नाही. पाहणे निराळे, होणे निराळे. तालमीत तीच हालचाल पन्नास वेळा करावी लागते, आणि पन्नासाव्या वेळी मूल एकतर त्या गोष्टीला निर्ढावते किंवा तिच्याखाली दबते.

आता आपल्या मुलांकडे येतो. मी त्यांच्या दोन तालमी पाहिल्या आणि पदे वाचली. ती कोणा मोठ्याने लिहून दिलेली नाहीत, हे त्यांतल्या चुकांवरूनही कळते आणि त्यांतल्या खरेपणावरूनही. पथकातील काहींची आजोळे यवतमाळ-वाशीमकडची आहेत. मे महिन्याच्या सुटीत त्यांनी जे ऐकले, ते त्यांनी इतरांना सांगितले. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले यांनी १९ मार्च १९८६ रोजी जगाचा निरोप घेतला. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची जाहीरपणे नोंद झालेली ही पहिली आत्महत्या मानतात आणि त्या दिवशी दरवर्षी अनेकजण अन्नत्याग करतात. हे मला पथकातील पंधरा वर्षांच्या एका मुलीने सांगितले. त्या घरातली चार मुले तिच्या ध्यानात राहिली होती. तिला हा विषय मोठ्यांचा आहे असे सांगण्याचा मला धीर झाला नाही.

तेव्हा विषय नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्याचे ठिकाण आणि त्याची रीत यांविषयी माझा तितकाच स्पष्ट आग्रह आहे.

पथकाच्या आराखड्यात शेवटी दोराचा फास दाखविला आहे आणि लेझमीच्या चौकात एक मुलगा खाली पडतो. हे काढून टाकावे. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवरून वृत्तपत्रांसाठी नियम स्वीकारले आहेत; आत्महत्येची रीत वर्णन करू नये, तिला भडक रूप देऊ नये, असे त्यांत आहे. कारण साधे आहे: जो आधीच कड्यावर उभा आहे, त्याला अशी चित्रे ढकलतात. वर्तमानपत्रात जे छापू नये, ते तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर घालून चौकात दाखवावे काय?

आणि चौकही कोणता? आपण महाराष्ट्रात नाही, हे विसरून चालणार नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर शब्द कळतात. आपली मिरवणूक ज्या बाजारातून जाते, तेथे दुतर्फा उभे असलेले दुकानदार, त्यांची मुले, रिक्षावाले हे आपले स्नेही आहेत, प्रसाद मागून घेतात. पण मराठी पद त्यांना कळत नाही. पदांत मुलांनी सावकारी, पाऊस, कापसाचा भाव, विधवा आईने पुन्हा केलेली पेरणी हे सारे सांगितले आहे. ते सारे ढोलाखाली बुडेल आणि लोकांच्या डोळ्यांपुढे केवळ फास उरेल. त्यात ढोलाचा आवाज असा की आपल्यालाही निम्मे शब्द लागत नाहीत. परमुलखात आपली मुले आपल्या गावचे दुःख सांगू पाहतात आणि ते सांगितलेच जात नाही, यापरते त्या विषयाचे नुकसान दुसरे कोणते?

म्हणून मिरवणुकीत निखळ लेझीम खेळावे. दिल्लीच्या १९८२ च्या एशियाडच्या उद्घाटनात मराठी मुलांचे लेझीम झाले, त्याला कोणत्याही विषयाची जोड नव्हती, तरी ते लोकांच्या स्मरणात राहिले. आणि हा कार्यक्रम उत्सवाच्या सातव्या दिवशी आपल्या सभागृहात, दिव्यांखाली, शब्द ऐकू येतील अशा बेताने, एका हलगीवर करावा. मध्ये थांबून दोघांनी हिंदीत चार वाक्ये बोलावीत. एखाद्याने आडवा प्रश्न विचारावा: कर्जमाफी झाली, तरी हे का थांबत नाही? याचे उत्तर मुलांपाशी नाही आणि माझ्यापाशीही नाही. ते तसेच विचारले जावे. खेळ संपल्यावर अर्धा तास सर्वांनी बसून बोलावे. पथकातील ज्या कोणाला या कार्यक्रमात उतरावयाचे नसेल, त्याला कारण न विचारता मोकळे ठेवावे. संचलनात ही गोष्ट अवघड असते, कारण एक मूल बाजूला झाले की रांगेत खिंडार दिसते. म्हणून रांग आधीच सैल बांधा. रांग थोडी वाकडी दिसली तरी चालेल.

आणखी एक. आपल्या सभासदांत असे एक घर आहे, ज्याला हा विषय वाचून कळलेला नाही. मी नाव घेत नाही. पुष्कळांना ठाऊक आहे. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन आलो. मुलांनी काय योजिले आहे ते सांगितले, पदे वाचून दाखविली. काकूंनी सर्व ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, कार्यक्रम पाहावयास त्या येतील की नाही ते आज सांगता येत नाही. परंतु मुलांनी पेरणीचे जे पद रचले आहे त्यात तिफणीचे वर्णन चुकले आहे, ते दुरुस्त करावयास त्यांना रविवारी कोणी तरी घेऊन यावे. पथकप्रमुखांनी तेवढे मनावर घ्यावे, ही विनंती. तालीम सकाळी साडेनऊला आहे आणि त्यांच्या घराकडून यावयास बस मिळत नाही.