स्वतंत्रपूरच्या शेजाऱ्यांनो



आत्ताच फिशपॉन्ड झाले. टाळ्या मीही वाजवल्या. त्यात एकमेकांना ठेवलेली गमतीची नावं निरोप समारंभापर्यंत विसरली जातील. पण परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरी करताना मी जन्मभर न सुटणारी नावं पाहिली. शिक्षा भोगून माणूस गावी येतो. कोर्टाचा हिशेब मिटलेला असतो, गावाचा मिटत नाही. खोली भाड्याने मिळत नाही, कामावर कोणी घेत नाही, बहिणीचं लग्न अडतं. मग ज्यांनी बिघडवलं, तेच तेवढे 'ये' म्हणतात.

याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. आटपाडी औंध संस्थानात होती, तेव्हाची गोष्ट. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि वॉर्साचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 च्या सुमारास इथे स्वतंत्रपूर वसवलं. बंगळूरची कारखान्यातली मोठी नोकरी सोडून फ्रीडमन औंधात आले होते. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायचं, कसायला जमीन द्यायची, बायकामुलं सोबत राहू द्यायची, असा तो प्रयोग. संस्थान 1948 साली विलीन झालं, वसाहत राहिली. शेटफळ्याच्या गदिमांनी, म्हणजे ग. दि. माडगूळकरांनी, त्यावरून 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली. व्ही. शांताराम यांच्या त्या चित्रपटाला 1958 साली बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळालं.

पडद्यावर जेलरचे डोळे कैद्यांना बांधून ठेवतात. मला वसाहतीतली दुसरी गोष्ट मोठी वाटते. संध्याकाळी जेवायला वाट पाहणारं माणूस असलं, स्वतःच्या घामाचं पीक उभं असलं, की पळून जायचं कुठे? जमीन सरकार देऊ शकतं. शेजार मात्र गावालाच द्यावा लागतो.

आता तुमच्या वयाचं बोलतो. कोयता घेऊन रील काढणारा, कुठल्यातरी 'भाई'च्या गाडीमागे बसणारा एखादा पोरगा तुमच्याही ओळखीचा असेल. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर त्याचं नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे. तेव्हा स्टेटसला फोटो टाकताना विचार करा. काही अतिगंभीर प्रकरणं सोडली, तर तो ठपका त्याच्या पुढच्या आयुष्याच्या आड येऊ नये, हेही कायद्यानेच सांगितलंय. कायद्याने पुसलेलं आपण पुन्हा लिहायचं का?

अशा पोराला उपदेश भरपूर मिळालेला असतो, सोबत मिळालेली नसते. त्याला सकाळी तालमीत घेऊन जा. आयटीआयचा फॉर्म भरायला बरोबर उभे राहा. तारखेच्या दिवशी त्याच्या आईसोबत बाल न्याय मंडळात जाऊन बसा. तो एकदा-दोनदा शब्द मोडेल, तरी तिसऱ्यांदा हाक मारा. मात्र तो धमकावत असेल, हत्यार बाळगत असेल, तर एकट्याने धाडस करू नका, शिक्षकांना सांगा. ती चहाडी नव्हे.

तुमच्यातले काही जण सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी परराज्यांत जातील, काही डाळिंबाची बाग सांभाळतील, काही खाकी घालतील. कधीतरी शिक्षा भोगून आलेला माणूस तुमच्याकडे काम मागायला येईल. त्याला आधी काम काय येतं ते विचारा. येत असेल, तर ठेवून घ्या आणि इतरांइतकीच मजुरी द्या. स्वतंत्रपूरच्या शेजाऱ्यांकडून माझं एवढंच मागणं आहे.