शाळा आणि स्कूल
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी घरात मुलाच्या प्रवेशाची वेळ आली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. मराठी शाळा, की इंग्रजी स्कूल? आज या दुसऱ्या शब्दाचेच कूळ आपल्यापुढे मांडावे, असे मी योजिले आहे.

‘स्कूल’ हा शब्द इंग्रजीत लॅटिन ‘स्कोला’वरून आला आणि लॅटिनने तो ग्रीक ‘स्कोले’पासून घेतला. ‘स्कोले’ म्हणजे सवड. पोटापाण्याच्या व्यापाला ग्रीक लोक ‘अस्कोलिया’, म्हणजे सवडीचा अभाव, असे म्हणत. आधी सवड, मग सवडीत चालणारी ज्ञानचर्चा आणि अखेर ती चर्चा जेथे चाले ती जागा, असा या शब्दाचा अर्थ सरकत गेला. पुढे एका विचाराच्या अनुयायांनाही ‘स्कूल’ म्हणू लागले. आपण त्यास संप्रदाय म्हणतो, गायनात घराणे. माशांच्या समूहालाही इंग्रजीत ‘स्कूल’च म्हणतात, परंतु तो शब्द डच भाषेतून आलेला, निराळ्या कुळातला आहे. रूप एक, नाते नाही.

आपला ‘शाळा’ हा शब्द संस्कृत ‘शाला’वरून आला. शाला म्हणजे घर, दालन. गोशाला, पाकशाला, धर्मशाला हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. ग्रीकांनी वेळेकडे पाहिले, आपण जागेकडे. दोन्ही मिळून अर्थ पूर्ण होतो. शाळा हे सवडीचे घर असावे.

माणूस काम करतो ते सवड लाभावी म्हणून, असे ॲरिस्टॉटलचे प्रतिपादन होते. आमच्या मुलांचा दिवस मात्र शाळा, शिकवणी आणि पुन्हा गृहपाठ यांत संपतो. ‘असे का?’ हे विचारण्यास त्यांना उसंत नाही. त्यातच परक्या भाषेतले वाक्य आधी मनात उलगडायचे आणि मग विषयाकडे वळायचे, यात कोवळ्या वयाची किती शक्ती खर्ची पडते! घरच्या भाषेत शिकणाऱ्या मुलाची ही शक्ती वाचते; तीच त्याची सवड. इंग्रजी त्याने अवश्य शिकावी, उत्तम शिकावी; पण विचार करण्याची सवय लागावी ती आपल्या भाषेत.

या वास्तूने साठ वर्षे ही सवड जपली. पालकहो, आपल्या मुलांसाठी ती पुढेही राखून ठेवावी, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.