बुडालेली सायकल

(अजिंठा येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झाले, पीकविम्यावर बोलून झाले. आता मला सायकलवर बोलायचे आहे. मागे बसलेले काही जण हसले. हसायला हरकत नाही. पण पूर ओसरल्यावर चिखलाने माखलेली सायकल भिंतीला टेकवून तलाठ्याची वाट पाहणारी घरे या डोंगराखाली किती असतात, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. तलाठी येतो तेव्हा कपाशी लिहून घेतो, पडलेली भिंत लिहून घेतो. सायकल लिहीत नाही. तोवर तिची चेन काठीसारखी ताठ झालेली असते आणि मग ती भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जाते.

नवी साधी सायकल घ्यायची तर पाच हजारांच्या पुढे पैसे पडतात. २०२५-२६ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे एका सायकलला जवळजवळ दीड क्विंटल ज्वारी, आणि तीही हमीभाव खरोखर पदरात पडला तर! मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. चांगली योजना, मी तिला नावे ठेवणार नाही. पण ती सायकल मुलीला एकदाच मिळते. ती गेली की एस. टी. ची वाट पाहायची, आणि एस. टी. चुकली की शाळा चुकली. चार-सहा वेळा शाळा चुकली की घरातलेच कोणीतरी म्हणते, आता राहू दे, कापूस वेचायला माणूस मिळत नाही.

सरकारी मदतीत सायकल का बसत नाही, तेही ऐका. आपत्ती निवारण निधीचे जे निकष केंद्राने २०२२ मध्ये काढले, ते २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी होते. त्यांत कोळ्याच्या होडीला पैसे होते, जाळ्याला होते, कारागिराच्या हत्यारांना होते. ते असलेच पाहिजेत. पण शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या सायकलला खातेच नव्हते. कपडे आणि भांडीकुंडी यांना कुटुंबामागे अडीच-अडीच हजार रुपये होते. त्यालाही अट अशी होती की घर वाहून गेले पाहिजे, पूर्ण पडले पाहिजे किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिले पाहिजे. आता ही अट कुठे लागू पडते? २०१९ साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात कित्येक दिवस हटले नाही, तिथे पडते. आपली वाघूर तशी नाही. लेण्यांच्या कुशीतून ती डोंगर उतरते. बहुतेक वर्ष दगडगोटे दाखवत पडून असते आणि एखाद्या रात्री तासाभरात घरात शिरते. सकाळी पाणी गेलेले असते, गाळ राहिलेला असतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच डोंगररांगेत कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांनी असेच केले. डोंगरातल्या नदीचा पूर दोन दिवस थांबत नाही, म्हणून कागदावर तो पूरच नाही!

म्हणून मागणी करायची ती करूच. दोन दिवसांची अट काढा आणि घरगुती साहित्यात सायकल धरा. पण मागणीच्या नावाखाली सायकल गंजू देऊ नका. पंचनाम्यासाठी चिखल राखून ठेवायची गरज नाही. मोबाइलवर चार फोटो काढा, त्यात घराची भिंत आणि पाण्याची खूण दिसू द्या. फ्रेमवरचा नंबर लिहून घ्या. शेजारच्या दोघांच्या सह्या कागदावर घ्या आणि लगेच धुवायला लागा.

लगेच का, ते सांगतो. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. सायकल गढूळ पाण्याखाली असते तोवर तिला हवा कमी मिळते, गंज हळू चढतो. बाहेर काढली की ओले लोखंड आणि भरपूर हवा, दोन्ही एकत्र येतात. खरी धावपळ त्या घटकेपासून करायची असते. आपण मात्र ती उन्हात उभी करून घर आवरायला जातो.

दुसरे कारण आपली काळी माती. मी शेतकी शिकलो ते याच मातीवर, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द जास्त बोलतो. तिच्यातल्या चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक. जिथे पाणी शिरते तिथे ते शिरतात. पाणी प्याले की माती फुगते, वाळली की आवळते; म्हणून उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात. हबमध्ये, पेडलमध्ये, बीबीमध्ये हीच माती छर्ऱ्यांभोवती वाळते आणि प्लास्टरसारखी बसते. तिच्यातली बारीक रेती ग्रीसमध्ये कालवली की पॉलिशपेपर तयार होतो. तेव्हा धुण्याआधी चाक फिरवून पाहू नका आणि सायकल चालवून तर मुळीच पाहू नका.

तिसरी गोष्ट दुकानातला मिस्त्री सांगणार नाही, कारण त्याच्या दुकानात खताच्या गोण्या नसतात. आपल्याकडे सायकल, पोटॅश, डीएपी आणि फवारणीची औषधे एकाच खोलीत असतात. पुरात गोण्या विरघळल्या की ते पाणी खारे होते, आणि खारे पाणी लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा फार लवकर खाते. अशी सायकल स्वच्छ पाण्याने दोनदा-तीनदा धुवा. औषधाच्या बाटल्या फुटल्या असतील तर हे काम पोरांना देऊ नका, हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

धुताना बादली आणि मऊ ब्रश वापरा. गाड्या धुण्याचा जोराचा पाइप नको, तो माती आणखी आत ढकलतो. मग सीट तिच्या दांड्यासकट उपसा आणि सायकल उलटी करा. फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात. कधी कधी पेलाभर गढूळ पाणी पडते. रात्रभर तशीच उलटी राहू द्या. सकाळी सीटच्या नळीतून थोडे जळके ऑईल ओतून फ्रेम इकडून तिकडे कलती करा, म्हणजे आतून तेलाचा हात फिरतो. फ्रेम आतून गंजते ती दिसत नाही, आणि एके दिवशी ओझ्यासकट बीबीपाशी मोडते.

आता दुकानदार ज्याला ओव्हरऑइलिंग म्हणतो ते काम. दोन्ही हब, बीबी, हँडलचे कप उघडायचे. छर्रे डिझेलमध्ये धुवायचे. पूर्वी रॉकेल वापरत. आता ते मिळत नाही, डिझेल चालते. पेट्रोल नको, चूल जवळ असते. पुढच्या आणि मागच्या चाकाचे छर्रे वेगळ्या मापाचे असतात, वेगवेगळ्या वाटीत ठेवा. खड्डा पडलेला किंवा काळवंडलेला छर्रा परत घालू नका, छर्रे स्वस्त आहेत आणि कप महाग. बीबीचा डाव्या बाजूचा कप उघडतो. उजवा जागेवर राहू द्या, आतून पुसला तरी पुरतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावणाऱ्याने पाना आणि पेडल दोन्ही घालवले म्हणून समजा. क्रँकची कॉटर पिन ठोकताना खाली लाकडाचा ठोकळा धरा. पुन्हा बसवताना नवे ग्रीस हात आखडता न घेता भरा.

फ्रीव्हीलला मात्र ग्रीस नाही. त्यात बारीक खटके असतात, ते ग्रीसमध्ये चिकटले की पाय मारून चाक फिरत नाही. डिझेल सोडत राहा, खाली स्वच्छ थेंब पडेपर्यंत. मग पातळ तेल. चेन काढून डिझेलमध्ये भिजवा, प्रत्येक कडी वाकवून पाहा. एक-दोन कड्या अडल्या तर तेलाने सुटतात, सगळी ताठ असेल तर नवी घ्या. मुलींच्या सायकलींची प्लॅस्टिकची पेडल बहुधा उघडत नाहीत, त्यांत तेलाचे थेंब सोडण्यापलीकडे काही होत नाही.

टायर आणि ट्यूबच्या मध्ये पाणी राहते आणि आतून रिम खाते. दोन्ही काढा, सावलीत वाळवा, ट्यूबला शंखजिरे लावा. नसेल तर अंगाची पावडर चालेल. तारांच्या टोकांना थेंब-थेंब तेल द्या. ब्रेकच्या गुटक्यांत रेती रुतलेली असते, ती पॉलिशपेपरने घासून काढा. रिमला किंवा गुटक्याला तेल लागले असेल तर साबणाने धुवा. घाटाच्या उतारावर ते जिवावर बेतेल.

सगळ्याच सायकली वाचत नाहीत. रिमचे पापुद्रे सुटत असतील, फ्रेमच्या सांध्याला चीर दिसत असेल, तर तिच्यावर पैसे घालू नका. चांगले सुटे भाग काढून घ्या आणि बाकीचे विका. गिअरच्या सायकली मिस्त्रीकडेच द्या.

जेवणानंतर मंडपामागे तीन सायकली ठेवल्या आहेत, तिन्ही पुराच्या पाण्यातून काढलेल्या. पाने, डिझेलची थाळी आणि ग्रीसचा डबा आहे. एक सायकल आठवी-नववीच्या मुलींनी उघडायची आहे, बापाने पाना हातात घ्यायचा नाही. ज्यांच्या घरी अशी सायकल पडून आहे त्यांनी गावाचे नाव आणि फ्रेमचा नंबर दारापाशी ठेवलेल्या वहीत लिहून जावे. तहसीलदारांना द्यायच्या निवेदनाला ती यादी जोडायची आहे.