जुना ट्रॅक्टर डिझेल जास्त का खातो?



भिवंडी भागात भाताची चिखलणी सुरू झाली की एक तक्रार हमखास कानी येते, "साहेब, ट्रॅक्टर डिझेल फार खातो. इंजिन काम निघालं का?" थांबा. इंजिन खोलण्याआधी खप मोजा.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरा. काम झालं की त्याच जागी पुन्हा भरा. जितके लिटर लागले त्यांना कामाच्या तासांनी भागा आणि आकडा वहीत लिहा. मात्र चिखलणीची तुलना चिखलणीशीच करा, पेंढ्याच्या ट्रॉलीशी नको. चिखलात चाकं घसरतात, डिझेल जास्त लागणारच.

खप खरोखर वाढला असेल तर धूर पाहा. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा ओझं जास्त आहे. एक लिटर डिझेल जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते! म्हणून आधी एअर क्लीनर साफ करा. तेलाचा असेल तर वाटीतलं तेल बदला. तरीही धूर काळाच राहिला, तर नोझल तपासून घ्या. निळा धूर दिसला तर इंजिन ऑईल जळतंय. तेव्हा मेकॅनिक गाठा.

धुरात दोष नाही? मग नळीची गळती, धरून राहणारे ब्रेक, घसरणारा क्लच आणि झिजलेले टायर पाहा. पंपाचं सील स्वतः तोडू नका.

वाटीभर तेलात भागणारं दुखणं इंजिनकामावर नेऊ नका.