शब्दांआधीची चाल

‘हावा नागिला’ हे हिब्रू गाणे ज्यू विवाहांत वाजते, तसेच त्या धर्माशी काडीचाही संबंध नसलेल्यांच्या मेजवान्यांतही वाजते. त्याची चाल मात्र मुळात शब्दांवाचूनची. बुकोविना प्रांतातील सादिगुरा येथील हसिदी भाविक ती नुसत्या सुरांत आळवीत. जे शब्दांत मावत नाही ते सुरांनी देवापाशी पोचते, ही त्यांची श्रद्धा. संगीतसंशोधक अब्राहम झ्वी इडेलसोन यांनी १९१५ साली ती लिहून घेतली आणि १९१८ साली, इंग्रजांच्या विजयानंतर जेरुसलेममध्ये झालेल्या जलशासाठी, तिला आनंदाचे आवाहन करणारे मोजके शब्द मिळाले. ते गुरूचे की शिष्य मोशे नाथानसोन यांचे, हा वाद आहे.

आपल्या कानाला तिच्यातील कोमल ऋषभ व शुद्ध गांधार बसंत मुखारीची आठवण देतात. चलन अर्थात निराळे. जमैकन वंशाचे अमेरिकन गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी १९५९ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हे गाणे गायिले. १९६३ साली लेबनॉनी पित्याचे पुत्र डिक डेल यांनी ते विजेच्या गिटारवर भरधाव वाजविले. चार शब्द पाठ केले की परकाही त्यात सामील होतो. भक्तांची चाल अशी मेजवानीच्या गलबल्यात सापडली, याची मला किंचित खंत वाटते. इडेलसोन १९३८ साली जोहान्सबर्ग येथे निवर्तले. मूळ चाल बांधणाऱ्याचे नाव तर कोणी लिहूनच ठेवले नाही.