डिकीत मावले, पण गाडीला पेलेल का?



तुमच्याकडे गणपती असोत की आमच्याकडे ईद, गावी जायचे ठरले की घरातल्या पिशव्यांना पाय फुटतात. परतताना तर विचारूच नका. मामी फणस देते, खाला आंब्याची पेटी देते, आणि 'राहू द्या' म्हणणे म्हणजे त्यांची माया नाकारणे. शेवटी डिकीचे झाकण दाबून लावायचे आणि म्हणायचे, ''मावले बुवा सगळे!''

पण मावणे वेगळे आणि पेलणे वेगळे. डिकीची क्षमता लिटरमध्ये सांगतात. ते माप जागेचे, वजनाचे नव्हे. तीच जागा उशांनी भरली तर गाडीला कळणारही नाही. तांदळाच्या पोत्यांनी भरली तर मागची चाके दबतील.

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढा. तिच्यात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि माणसे, सामान यांच्यासह चालेल असे कमाल वजन. समजा, पहिला आकडा ९०० किलो आणि दुसरा १,३३५. म्हणजे आपल्या हाती उरले ४३५ किलो. सरासरी ७० किलोची पाच माणसे बसली की ३५० गेले. वीस-वीस किलोच्या दोन बॅगा ठेवल्या की उरले ४५. आता अडीचशे ग्रॅमचा एक आंबा धरला, तर पाच डझनांच्या पेटीत १५ किलो नुसते आंबे. तीन पेट्यांत हिशेब संपला. लाकडी खोकी आणि मामीचा फणस बाहेरच राहिले! गाडीला नंतर गॅसची टाकी बसवली असेल, तर तिचेही वजन यातूनच वजा करायचे.

कवितेत एक मात्रा वाढली की ओळ लगेच अडखळते. गाडी तशी बोलत नाही. सपाट रस्त्यावर ती निमूट चालते आणि चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरताना बोलू लागते. वजन जास्त म्हणजे उतारावर ब्रेकवर भार जास्त. ते सतत दाबून ठेवले की तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

सामान कुठे ठेवता, यालाही महत्त्व आहे. जड वस्तू तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. टपावर हलकेच सामान, तेही घट्ट बांधून. टपासाठी पुस्तिकेत वेगळी आणि बरीच कमी मर्यादा दिलेली असते. उंचावर ओझे गेले की वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. मागच्या काचेपाशी तेलाचा डबा कधीही ठेवू नका. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एकदम थांबली, तर सुटा डबा पुढे त्याच वेगाने येतो. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेल्या डब्याचा वेगही साधारण तेवढाच असतो. पुढे बसलेले कोण आहे, ते आठवा.

टायरमधली हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा आकडा असतो. तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत सापडेल. हवा कमी आणि ओझे जास्त असले की टायर आतून तापतो आणि फुटू शकतो. मागे वजन पडले की दिव्यांचा झोतही वर उचलला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. झोत खाली घेण्याचे बटण अनेक गाड्यांत असते, ते वापरा.

खालाची माया नाकारू नका. एखादी पेटी पार्सलने मागवा, एखादी पुढच्या खेपेला न्या. आंबे चार दिवस उशिरा पोचले तरी चालतील. माणसे मात्र सुखरूप पोचली पाहिजेत.